पार्कातलं वारशाने आलेलं घर विकताना: कॅलिफोर्नियातली वाट, पायरीपायरीने

मुलांच्या जवळ, पण स्वतःच्या छपराखाली राहायचं म्हणून सॅन होजे, सनीवेल किंवा फ्रीमाँटच्या एखाद्या मोबाइल होम पार्कात, म्हणजे कारखान्यात बनवून भाड्याच्या जागेवर बसवलेल्या घरांच्या वसाहतीत, घर घेतलेली मावशी, काका किंवा आई-वडील आपल्यापैकी काहींच्या ओळखीत असतात. ते गेल्यावर एक भरलेलं घर मागे राहतं आणि महिन्याच्या एक तारखेला जागेच्या भाड्याचं बिल येतच राहतं. वारस कधी डॅलसला असतो, कधी नाशिकला. दुःख ताजं असतानाच घरं विकत घेणाऱ्या एखाद्या कंपनीचा फोन येतो: "आम्ही रोख घेतो, तुम्ही फक्त सही करा."

ती सही इतक्यात करू नका, हे मी कळकळीने सांगतो. कॅलिफोर्नियाचा कायदा वारसाला ते घर आहे तिथेच, उभं असतानाच विकण्याचा हक्क देतो आणि घराची खरी किंमत त्या उभं असण्यातच आहे. हा हक्क माहीत नसल्यामुळे माणसं घर कवडीमोलाने देऊन मोकळी होतात.

या व्यवहारात घर तुमचं, जमीन पार्कमालकाची. मुंबईतली पागडीची घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे लगेच कळेल. मात्र पागडीत जागा हस्तांतरित होताना मालक आपला वाटा घेतो. इथे पार्कमालकाला विक्रीच्या रकमेत वाटा मागता येत नाही. कुणी हस्तांतरण शुल्क मागितलं, तर तुम्ही स्वतः मागितलेल्या एखाद्या सेवेचा तो मोबदला असल्याखेरीज ते बेकायदा आहे.

पुढचं सगळं कॅलिफोर्नियापुरतं आहे. इतर राज्यांत कायदाही वेगळा आणि नोंदणीचं खातंही वेगळं. टेक्सासात गृहनिर्माण खातं मालकीचा दाखला देतं. फ्लोरिडात गाड्यांची नोंद करणारं खातंच टायटल, म्हणजे मालकीचा कागद, देतं, आणि दोन भागांच्या घराला दोन टायटलं असतात.

पहिल्या काही दिवसांत

जागेचं भाडं थांबवू नका. हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून सगळ्यात आधी सांगतो. वारसाचा विक्रीचा हक्क एका अटीवर टिकून असतो: भाडं, पाणी-वीज-गॅसचे आकार आणि घराची व अंगणाची वाजवी देखभाल, हे सगळं विक्रीच्या दिवसापर्यंत चुकतं व्हायला हवं. त्यात खंड पडला तर व्यवस्थापनाला घर पार्काबाहेर न्यायला सांगण्याचा अधिकार मिळतो. तुमच्याकडे दुसरा तगडा हक्क नाही, म्हणून हा जपा. भाडं चेकने किंवा ऑनलाइन भरा, पावती ठेवा, रोख देऊ नका.

पार्कच्या ऑफिसला लेखी कळवा की घरमालकाचं निधन झालं आहे, तुम्ही वारस आहात, आणि यापुढची पत्रं तुमच्या पत्त्यावर यावीत. पत्र पोहोच-पावतीच्या टपालाने पाठवा. मॅनेजर कितीही भला असला तरी तोंडी बोलण्यावर विसंबू नका.

विमा कंपनीलाही लगेच फोन करा. घर रिकामं राहिलं तर संरक्षण कमी करणारी किंवा काढून घेणारी अट बऱ्याच पॉलिसींत असते, बहुधा ३० किंवा ६० दिवसांची. रिकाम्या घरासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागली तर घ्या. कुलूप बदला, टपाल वळवा, फ्रिज रिकामा करा. वीज चालू ठेवा, कारण अंधारातलं घर कुणी विकत घेत नाही.

मृत्यूच्या दाखल्याच्या प्रमाणित प्रती काउंटीतून चार-पाच तरी घ्या. मयत व्यक्ती मेडी-कॅल, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची राज्याची आरोग्य योजना, घेत असेल तर राज्याच्या आरोग्य खात्याला ९० दिवसांच्या आत कळवावं लागतं, हेही डोक्यात ठेवा.

हे घर कागदावर नेमकं काय आहे?

१५ जून १९७६ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवसापासून कारखान्यात बनलेल्या घरांना केंद्राच्या गृहनिर्माण खात्याची, म्हणजे हडची, बांधणी-संहिता लागू झाली. त्यानंतरच्या घराच्या प्रत्येक भागावर बाहेरच्या बाजूला एक छोटी लाल धातूची पट्टी ठोकलेली असते. आतमध्ये एक कागदी माहितीपत्र चिकटवलेलं असतं, बहुधा स्वयंपाकघरातल्या कपाटात, विजेच्या पॅनेलजवळ किंवा बेडरूमच्या कपाटात. दोन्हींचे फोटो काढा. रंगरंगोटीत पट्टी गेली असेल तर हड ती पुन्हा देत नाही, पण क्रमांकाची पडताळणी करणारं पत्र मिळू शकतं. १९७६ पूर्वीच्या घरावर कर्ज द्यायला बहुतेक सावकार तयार नसतात. म्हणजे तुमचा खरेदीदार बहुधा रोखीचा, आणि तशी तयारी ठेवूनच पुढे जायचं.

कॅलिफोर्नियात पार्कातल्या घराची मालकी काउंटीच्या जमीन-नोंदणीत सापडत नाही. ती राज्याच्या गृहनिर्माण व समुदाय विकास विभागाकडे असते. सगळे त्याला एचसीडी म्हणतात. १९८१ च्या जुलैपूर्वी हे काम गाड्यांच्या खात्याकडे, डीएमव्हीकडे होतं, म्हणून जुन्या फायलींत त्या खात्याचे कागद निघाले तर गोंधळू नका. घरावर लावलेला डेकल, म्हणजे नोंदणीच्या चिकटपट्टीवरचा, क्रमांक किंवा सीरियल क्रमांक देऊन एचसीडीकडून टायटलचा शोध मागवा. नोंदणीकृत मालक कोण, कायदेशीर मालक म्हणून कुठल्या बँकेचं नाव अजून आहे का, वार्षिक शुल्क थकलं आहे का, हे सगळं त्यात कळतं. वीस वर्षांपूर्वी फिटलेल्या कर्जाच्या बँकेचं नाव टायटलवर तसंच राहिलेलं असू शकतं. ती बँक आता दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असेल तर बोजा उतरवल्याचा कागद मिळवायला आठवडे जातात. हे काम खरेदीदार मिळाल्यावर नाही, आधीच सुरू करा.

कर कुठे भरला जातो तेही इथेच पाहून घ्या. १ जुलै १९८० नंतर नवीन विकली गेलेली घरं साधारणपणे काउंटीच्या मालमत्ता कराखाली येतात, त्याआधीची एचसीडीच्या वार्षिक शुल्काखाली. मालमत्ता कराखालच्या घराचं हस्तांतरण काउंटीच्या कर-संकलकाकडून कर चुकता असल्याचा दाखला मिळाल्याशिवाय होत नाही.

घर कायमच्या पायावर बसवून स्थावर म्हणून नोंदवलं असेल, किंवा पार्क रहिवाशांच्याच मालकीचा असून घराबरोबर हिस्साही येत असेल, तर मामला वेगळा. तिथे सरळ वकील गाठा.

टायटल तुमच्या नावावर कसं येतं

इथे अनेक जण उगाच घाबरतात. प्रोबेट, म्हणजे न्यायालयामार्फत वारसा वाटण्याची प्रक्रिया, प्रत्येक वेळी लागत नाही.

टायटलवर दोन नावं हयातीच्या हक्काने असतील तर मागे राहिलेली व्यक्ती मृत्यूचा दाखला देऊन घर आपल्या नावावर करते. काकांनी टायटलवरच मृत्यूनंतरचा लाभार्थी म्हणून तुमचं नाव लिहून ठेवलं असेल तर तेही तितकंच सोपं. घर ट्रस्टमध्ये असेल तर ट्रस्टी सही करतो. पण ट्रस्टच्या यादीत घर लिहिलं आहे आणि टायटल बदललंच नाही, असं होऊ शकतं. म्हणून एचसीडीची नोंद पाहिल्याशिवाय काही गृहीत धरू नका.

यातलं काहीच नसेल तरी एक सोय आहे. मृत्यूला ४० दिवस होऊन गेले असतील आणि प्रोबेट सुरू नसेल, तर एचसीडीच्या ठरावीक प्रतिज्ञापत्रावर वारस घर आपल्या नावावर करून घेऊ शकतात. कॅलिफोर्नियात छोट्या इस्टेटीची मर्यादा मोजताना असं नोंदणीकृत घर धरलंच जात नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. म्हणजे बँकेतली शिल्लक आणि घर मिळून आकडा मोठा दिसला म्हणून लगेच प्रोबेटचा खर्च अंगावर घेऊ नका. मृत्युपत्रावर वाद असेल, देणी मोठी असतील किंवा एखादा वारस सापडत नसेल, तर मात्र प्रोबेटच बरं.

भावंडं अनेक असली तर सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि इथेच सर्वांत जास्त वेळ जातो. पुण्यातल्या बहिणीची सही हवी असेल तर मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत नोटरीची वेळ घेता येते. किंवा भारतातल्या नोटरीपुढे सही करून त्यावर परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं प्रमाणन, घेता येते. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. सर्वांनी मिळून एकाच्या नावे कुलमुखत्यारपत्र दिलं तर पुढची सगळी धावपळ एकाच माणसावर येते, आणि ते सोयीचं असतं. त्याचा मसुदा एस्क्रो कंपनीला, म्हणजे व्यवहार पूर्ण होईपर्यंत पैसे आणि कागद सांभाळणाऱ्या तटस्थ कंपनीला, आधी दाखवा.

पार्काशी व्यवहार

कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेत कलम ७९८ पासून मोबाइल होम रेसिडेन्सी कायदा आहे. पार्काला रहिवाशांना त्याची प्रत द्यावी लागते, त्यामुळे ती काकांच्या कागदांत असू शकते. वारसाचा विक्रीचा हक्क ७९८.७८ मध्ये आहे. ते एक पान छापून जवळ ठेवा, कारण ऑफिसात बसलेल्या माणसाला ते ठाऊक असेलच असं नाही.

घर विकायचं असेल तर तुम्हाला पार्काचे भाडेकरू व्हावं लागत नाही. "आधी आपल्या नावाने नवा करार करा, मग विका" असं कुणी सांगितलं तर तो करार घरी आणून वाचा, सही पुढे ढकला. तुम्हाला स्वतः तिथे राहायचं असेल तर गोष्ट वेगळी. मग कुठल्याही खरेदीदारासारखा अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते. आणि पार्क ५५ वर्षांवरील लोकांचा असेल तर वयाची अट तुम्हालाही लागते. १९९५ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा वसाहतीतल्या किमान ८० टक्के राहत्या घरांत ५५ किंवा त्याहून मोठी एक तरी व्यक्ती असावी लागते. पस्तिशीच्या भाचीला वारसा मिळेल, मुक्काम मिळणार नाही. घर भाड्याने द्यायचा विचारही पार्काचे नियम वाचल्याशिवाय करू नका.

विकायचं ठरलं की व्यवस्थापनाला लेखी विचारा: घर पार्कातच राहणार आहे, त्यासाठी तुम्हाला कोणत्या दुरुस्त्या हव्या आहेत? त्यांनी १० कामकाजाच्या दिवसांत लेखी यादी द्यायची असते, आणि यादी बाहेरच्या बाजूपुरतीच हवी. पायऱ्या, कठडे, स्कर्टिंग (घराखालची मोकळी जागा झाकणारं आवरण), कारपोर्टचं छत, रंग हे ते मागू शकतात. आतला गालिचा किंवा ओटा बदला असं सांगू शकत नाहीत.

"घर फार जुनं आहे, विकायचं तर उचलून न्या" हे वाक्य ऐकलंत तर थांबा. नुसत्या वयावरून घर हलवायला लावता येत नाही. घर जुनं असेल आणि शिवाय आरोग्य-सुरक्षेच्या निकषांत नापास होत असेल, किंवा वय बाजूला ठेवूनही अगदी मोडकळीस आलं असेल, तरच तो प्रश्न येतो. त्या वेळी "कुठला निकष, कुठलं कलम, लेखी द्या" एवढंच म्हणा. घर खोलून, ट्रकवर चढवून, दुसरीकडे बसवायचा खर्च हजारो डॉलरांत जातो आणि जुनं घर आत घेणारा पार्क क्वचितच मिळतो. ही भीती घालूनच वारसाकडून घर स्वस्तात काढून घेतलं जातं.

विक्रीची पाटी लावण्याचा तुम्हाला हक्क आहे, २४ बाय ३६ इंचांपर्यंत. ठरावीक एजंटच घ्या अशी सक्ती पार्क करू शकत नाही आणि तुमच्या लेखी परवानगीशिवाय घर दाखवू शकत नाही.

खरेदीदाराला मंजुरी देण्याचा अधिकार मात्र पार्काकडे आहे. सगळी माहिती मिळाल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत त्यांनी होकार किंवा नकार कळवायचा असतो. नकाराची कारणं मोजकी: भाडं भरण्याची ऐपत नाही, किंवा आधीच्या वास्तव्यावरून तो नियम पाळणार नाही असं वाजवीपणे दिसतं. नकार लेखी आणि कारणासहित हवा. एकापाठोपाठ एक चांगले खरेदीदार नाकारले जात असतील आणि त्याच वेळी पार्ककडूनच "आम्ही घेतो" अशी ऑफर येत असेल, तर एचसीडीच्या मोबाइल होम मदत केंद्राकडे तक्रार करा. १९६२ पासून काम करणारी जीएसएमओएल ही घरमालकांची संघटनाही या बाबतीत जाणकार आहे.

दुरुस्ती कुठवर करायची

माझं मत स्पष्ट आहे: सुरक्षिततेची आणि पाण्याची कामं करा, सजावटीची करू नका. धूर-सूचक यंत्रं चालू हवीत आणि गिझरची टाकी भूकंपात हलणार नाही अशी पट्ट्यांनी बांधलेली हवी. हस्तांतरणाच्या कागदांत या दोन्हींबद्दल लिहून द्यावं लागतं. छत गळत असेल तर आधी ते. घराखाली माणूस पाठवून आधाराचे खांब, घराची पातळी आणि खालचं इन्सुलेशन पाहून घ्या. दारं नीट लागत नसतील तर घर एका बाजूला बसलं आहे असं समजा. पातळी पुन्हा साधून देणारे कारागीर असतात आणि एवढ्या एका कामाने खरेदीदाराचा अर्धा संशय जातो.

काकांनी हौसेने मागे बांधून घेतलेली खोली किंवा बंदिस्त व्हरांडा परवान्याने झाला होता का, हे शोधा. पार्कातल्या अशा बांधकामाला साध्या महापालिका परवान्याऐवजी बहुतेक ठिकाणी एचसीडीचा परवाना लागतो. नसेल तर लपवू नका. विक्रेत्याने भरायच्या माहितीपत्रात ते लिहा. तिथे कधी राहिला नसाल तर तसंही लिहा.

किंमत

दोन सारखी घरं घ्या, दोन पार्कांतली. एकाचं जागाभाडं महिना १,१०० डॉलर, दुसऱ्याचं १,६००. दहा वर्षांत हा फरक ६०,००० डॉलर होतो, भाडेवाढ न धरता. खरेदीदार हे गणित करतोच, तेव्हा तुम्हीही आधी करा. म्हणून मॅनेजरकडून लेखी घ्या: नव्या माणसाला किती भाडं पडेल? काकांचं जुनं कमी भाडं त्याला मिळेलच असं नाही. सॅन होजेसारख्या काही शहरांत मोबाइल होमसाठी भाडे-नियंत्रण आहे, काही ठिकाणी नाही, आणि नियंत्रण असलेल्या ठिकाणीही मालक बदलताना काय होतं ते शहरागणिक बदलतं. शहराच्या गृहनिर्माण विभागाला एक फोन करा.

मग त्याच पार्कात गेल्या वर्षभरात काय विकलं गेलं ते शेजाऱ्यांना विचारा. मूल्यमापनाच्या पुस्तकी याद्या घराची किंमत सांगतात, जागेची नाही, आणि बे एरियात, म्हणजे सॅन होजेच्या या परिसरात, पैसा जागेचाच असतो. रोखवाल्या कंपनीची ऑफर तोवर टेबलावर राहू द्या. चांगला सौदा असेल तर तो दोन आठवड्यांनीही चांगलाच असेल.

मृत्यूच्या तारखेच्या किमतीचं लेखी मूल्यांकन याच टप्प्यावर करून घ्या. कराच्या वेळी ते लागेल.

खरेदीदार मिळाल्यावर

स्वतः विकता येतं. एजंट घ्यायचा तर त्याच्याकडे राज्याचा रिअल इस्टेट परवाना किंवा एचसीडीचा डीलर-विक्रेता परवाना असल्याची खात्री करा, आणि पार्कातल्या घरांचा त्याला अनुभव आहे का ते विचारा. कर्ज घेणाऱ्या खरेदीदारासाठी थोडा धीर धरा. जमिनीशिवाय फक्त घरावर दिलेल्या कर्जाचा व्याजदर जास्त, मुदत कमी आणि देणारे मोजके असतात.

एस्क्रो कंपनी मोबाइल होमची कामं नियमित करणारीच निवडा. पैसे, टायटल, कराचा दाखला, बँकेचा बोजा हे सगळं ती एकाच वेळी मार्गी लावते. खरेदीदाराने आणि पार्काने सही केलेला भाडेकरार, किंवा तशा अर्थाचं दोघांच्या सहीचं पत्र, एस्क्रोत येईपर्यंत किल्ली देऊ नका.

कर, इथला आणि तिथला

अमेरिकेत वारशाने आलेल्या घराची मूळ किंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने धरतात. मावशीने घर ६०,००० डॉलरला घेतलं, त्या गेल्या तेव्हा ते १,६०,००० चं होतं आणि तुम्ही १,६५,००० ला विकलं, तर नफा विक्रीखर्च वजा करण्याआधी ५,००० चा. कॅलिफोर्नियात वेगळा वारसा कर नाही.

भारतात राहणाऱ्या वारसाचं गणित उलटं पडतं. भारतातही वारसा कर नाही, पण तिथला रहिवासी जगभरच्या उत्पन्नावर कर भरतो, आणि भारतीय कायदा वारशाच्या मालमत्तेची किंमत आधीच्या मालकाने दिलेली धरतो, म्हणजे या उदाहरणात ६०,०००. त्याच विक्रीवर नफा लाखाच्या पुढे दिसतो. परदेशी मालमत्तेचं परिशिष्टही विवरणपत्रात भरावं लागतं. अमेरिकेत भरलेल्या कराचं श्रेय दोन देशांच्या करारानुसार मागता येतं, त्यासाठी इथल्या विवरणपत्राची प्रत जपा.

वारस अमेरिकेचा कर-रहिवासी नसेल तर परदेशी विक्रेत्याच्या रकमेतून १५ टक्के रोखून ठेवण्याचा नियम या घराला लागू होतो का, हे एस्क्रो उघडतानाच कर-सल्लागाराला विचारा. खरेदीदार स्वतः राहणार असेल आणि किंमत ३ लाख डॉलरपर्यंत असेल तर त्यात सूट आहे. शेवटच्या दिवशी विचारलंत तर पैसे महिनोन् महिने अडकू शकतात.

एस्क्रो बंद होऊन व्यवहार पूर्ण झाल्यावर काही आठवड्यांनी एचसीडीकडून पुन्हा एकदा टायटलचा शोध मागवा. नवं नाव चढलेलं दिसलं की मगच विमा रद्द करा, आणि जागाभाड्यासाठी खात्यातून पैसे कापण्याची बँकेला दिलेली सूचना काकांच्या नावे चालू असेल तर तीही त्याच दिवशी बंद करा.